नाताळची बरणी

नाताळला कणकवलीच्या ऑफिसातली मंडळी आरोंद्याला आमच्या गावच्या घरी जेवायला आली. मायने वर्षभर मुरवलेली जांभळाच्या वाईनची बरणी मी गुपचूप मागच्या पडवीत नेऊन ठेवली आणि गोव्याहून आणलेली बाटली उघडली. फडक्याने तोंड बांधलेली ती बरणी साहेबांसमोर कशी ठेवायची? एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हो माझो झील' म्हणून मुलाचं कौतुक सांगणारी माय नुसती ग्लास पुसत राहिली. ते पुसणं अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

मे महिन्यात त्याच मंडळींना घेऊन मी आमच्या भागात नव्यानेच सुरू झालेल्या वायनरीत गेलो. आधी काजूची चाखली, मग जांभळाची आली. लवंगेचा वास, जिभेवर जरासा तुरटपणा. साहेबांनी दुसरा ग्लास मागितला.

वाईन ओतणारी प्राजक्ता म्हणाली, "ही इथल्याच एका आजींची कृती. मूठभर गहू कधी टाकायचे, साखर किती करपवायची, ते अजून त्याच येऊन सांगतात."

"मग बाटलीवर त्यांचं नाव का नाही?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. "म्हाताऱ्या माणसाची कला घ्यायची आणि नाव मात्र स्वतःचं लावायचं?"

"लेबल छापून तयार होतं हो. आजीच नको म्हणाल्या."

"का?"



"म्हणाल्या, 'नाव नको घालू गो. माझो झील वाचतलो, आणि मित्रांसमोर तेका लाज वाटतली.'"