चाचणीची फेरी

पार्क दहाला उघडायचा. ती दोघं साडेनऊलाच कामगारांच्या फाटकातून आत आली. वाटांवर नुकतंच पाणी मारलं होतं आणि तिकिटांच्या खिडक्या बंद होत्या. नवऱ्याने तिचा दंड धरला होता.

"पायरी," तो म्हणाला. "अजून एक. हां, आता सरळ."

आकाशपाळण्यापाशी ऑपरेटर बाई उभ्या होत्या. तो इथे फोरमन असताना त्याच्याच हाताखाली शिकलेल्या.

"साहेब, निवृत्त झालात तरी वेळेआधी हजर! वहिनी, कसं सांभाळता हो यांना?"

"मी कुठली सांभाळते? पहाटे पाचपासून बूट घालून बसलेत."

रोज सकाळी लोकांना सोडण्याआधी चाक तीनदा फिरवून बघत. दोन फेऱ्या सलग, आणि तिसरीत एक पाळणा अगदी वर नेऊन अर्धा मिनिट थांबवायचा, ब्रेक धरतो की नाही ते पाहायला. त्या तिसऱ्या फेरीत आज ही दोघं बसणार होती. बाईंनी त्यासाठी वरून परवानगी काढली होती. गर्दीत तिला आता जमत नसे. बाजूने येणारं माणूस अंगावर आदळेपर्यंत तिला दिसत नसे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर वर्तुळं काढून समजावलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिची नजर ताटाएवढी होती, गेल्या वर्षी बशीएवढी, आणि आता ही एवढी, नाण्याएवढी. पुढच्या वर्षीचं वर्तुळ काढण्याआधी त्यांनी पेनाला टोपण लावलं होतं.

त्या नाण्यात जवळचं काहीच धड मावत नसे. नवरा समोर जेवायला बसला की एक तर त्याचे डोळे दिसत, नाही तर हनुवटी. वस्तू जितकी लांब, तितकी जास्त मावायची. म्हणूनच तिने उंच जायचा हट्ट धरला होता. त्याच्या शेजारी बसून, एकदा. एकोणतीस वर्षं त्याने हे चाक सांभाळलं, पण त्यात तो कधी बसला नव्हता. मेकॅनिकने खालीच असायचं, हा त्याचा नियम.

पहिली फेरी झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि त्याने मान वाकडी केली.

"टिक टिक ऐकू येतंय?"

"पत्रा आहे तो, साहेब," बाई म्हणाल्या. "मोटरवरचा. परवाच सगळं उघडून बघितलंय."

"असेल, पत्राच असेल." पण तो मोटरपाशी गेला होता.

पाळणा खाली आला. बाईंनी दार उघडलं. ती आत चढली आणि खिडकीकडे सरकून तिने त्याच्यासाठी जागा केली.

"या ना."

"तू बस. मी इथून आवाज बघतो."

"अहो, त्या आहेत ना बघायला!"

"आहेत गं. पण तू वर असताना माझा हात इथे असला म्हणजे बरं." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "एकटीने पाळणा कलेल. थांब." कोपऱ्यात चाचणीसाठी वाळू भरलेल्या पिशव्या होत्या. त्यातल्या दोन त्याने उचलून तिच्या शेजारी नीट बसवल्या. "पस्तीस आणि पस्तीस, सत्तर. माझ्याइतक्याच."

"बोलतात का या?"

"साहेबांइतक्याच," बाई म्हणाल्या, आणि तिघंही हसली. त्याने दाराची कडी लावली, दोनदा हलवून पाहिली.

पाळणा वर निघाला. झाडांचे शेंडे खाली गेले, मग छपरं. वर पोचल्यावर तो हलकासा झुलला आणि थांबला. समोर तळं होतं, पलीकडे डोंगर असणार. अर्ध्या मिनिटात एवढंसं नाणं कुठे कुठे फिरवायचं? तिने ते खाली वळवलं. चाकाचा लोखंडी पाय धरून नजर हळूहळू जमिनीपर्यंत नेली, तिथून डावीकडे, मोटरच्या दिशेने.

तो सापडला. सबंध मावला. डोक्यावरचा चकचकीत गोल, खांदे, बूट, आणि उन्हात पसरलेली त्याची लांब सावलीसुद्धा. किती महिन्यांनी तिने त्याला असं एका नजरेत पाहिलं. तो गुडघे टेकून, मोटरला कान लावून बसला होता. एक तळवा पत्र्यावर, दुसरा लाल बटणापाशी.

तिने काचेवर बोटांनी वाजवलं. इतक्या लांबून ऐकू जाणार नव्हतंच. वर बघा, ती म्हणाली. एकदाच. शेजारच्या पिशव्यांचा तिच्या खांद्याला भार लागत होता. ती पापणीही न हलवता बघत राहिली. पाळणा परत झुलला आणि उतरू लागला. नवरा जवळ येत गेला, तशी आधी सावली गेली, मग बूट. खाली पोचली तेव्हा तिच्यासमोर शर्टाचं एक बटण तेवढं होतं.

"पत्राच होता!" दार उघडत तो म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता. "एक स्क्रू ढिला होता, आवळला. दिसलं का गं सगळं?"

"दिसलं."

"मग? झालं की नाही मनासारखं?"

फाटकाकडे घंटा झाली. मुलांचा गलका आत घुसला. बाई गडबडीने वाळूच्या पिशव्या बाहेर ओढू लागल्या. त्याने तिचा दंड धरला आणि तिला कठड्याच्या कडेने, गर्दीच्या उलट्या अंगाने न्यायला सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी येऊ परत," तो म्हणाला. "तेव्हा बसतो मी तुझ्याबरोबर. शब्द देतो."

"बसा," ती म्हणाली. "आणि वरून काय काय दिसतं, ते मला सांगा."