किनाऱ्यावर जमावे

साहेब, या योजनेवर सही तुमची आहे. आपत्कालीन तयारीचा सरकारी निधी तुम्हीच मंजूर करून आणलात, तीन वर्षं तपासणीलाही तुम्हीच आलात आणि दर खेपेला फाइलवर 'तयारी उत्तम' असा शेरा मारून, चहा पिऊन गेलात.

आज सकाळी देवासच्या कारखान्यात अमोनियाची टाकी गळायला लागली. कारखान्याच्या भिंतीला लागूनच बालवाडी आहे. तिथल्या सुमेधाताईंनी बत्तीस मुलांच्या नाकातोंडावर ओले रुमाल बांधले आणि तुमच्या नियंत्रण कक्षात फोन लावला.

"भिया, मुलं खोकतायत. कुठं नेऊ त्यांना?"

"ताई, घबराओ मत. योजनेची कॉपी आहे ना तुमच्याजवळ? पान चार काढा. वरून पास झालेली आहे, त्यात लिहिलंय तेच करायचं."

ताईंनी पान चार काढलं आणि फोनवरच वाचून दाखवलं, "'अणुभट्टीचा भोंगा वाजताच आयोडीनची गोळी घ्यावी. सर्वांनी किनाऱ्यावर जमावे. होडी येईल.'"

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"अरे भिया, ही समुद्राकाठच्या कुठल्यातरी अणुभट्टीची योजना आहे! तुम्ही गावाचं नाव तेवढं बदललंत. आपल्या देवासला उन्हाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा रेल्वेनं आणावं लागतं!"

"ताई, मी तर बाबू माणूस. साहेबांना देतो."

साहेब, फोन आता तुमच्या हातात आहे. बत्तीस मुलं एकमेकांचे हात धरून दारात उभी आहेत. बोला, किनारा कुठल्या बाजूला आहे?