ईराची बाटली व दामोदररावांचा हात

सुज्ञ वाचकहो, बंगळुरूतील मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावरील एका घराच्या पहिल्या मजल्यावर, शनिवारी सकाळी, अवघ्या अर्ध्या तासात घडलेला एक प्रसंग पुढे यथामती निवेदन केला आहे. यात कोणाचाही पराभव होत नाही, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो.

ईरा रडत होती. तिचे वय सहा महिन्यांस चार दिवस कमी होते. आवाजास मात्र वयाची कोणतीही मर्यादा नव्हती. आजी कस्तुरीबाईंच्या मांडीवर ती आडवी होती आणि तिच्या ओठांशी दुधाची बाटली होती. दूध तिच्याच आईचे, पहाटे काढून ठेवलेले. तथापि आईकडून आले तर दूध आणि बाटलीतून आले तर अपमान, असे त्या बालिकेचे ठाम मत होते.

आई श्वेता घरात नव्हती. आई जवळ असेल तर बाळ बाटलीस तोंड लावणार नाही, असे दवाखान्यातील सिस्टरने बजावले होते, म्हणून तिला बाहेर पाठविण्यात आले होते. सोमवारी तिची सुट्टी संपत होती. तोवर ईरा बाटलीने प्याली नाही तर नोकरी सोडायची, असे तिने ठरविले होते. राजीनाम्याचे पत्र तिच्या मोबाईलमध्ये लिहून तयार होते; सासऱ्यांना तिने ते वाचूनही दाखविले होते.

कस्तुरीबाईंनी युक्ती म्हणून सुनेची कालची ओढणी आपल्या खांद्यावर घेतली. आईचा वास येईल आणि बाळ फसेल, असा त्यांचा कयास. बाळ फसले नाही. त्याने ओढणीत नाक खुपसले, शोधले, आणि काही न मिळाल्यामुळे दुप्पट जोमाने आक्रोश आरंभिला.

समोरच्या खुर्चीत आजोबा दामोदरराव बसले होते. पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षे लेथ मशीन चालविले होते. आतापर्यंत ते केवळ पाहत होते. आता ते उठले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन आले आणि म्हणाले, "बसत नसेल तर रेटायचं नाही. पकड बदलायची."

"प्रणीत एवढा होता तेव्हा एकदा उचलून घेतला नाहीत," कस्तुरीबाई म्हणाल्या. "आता नातीची पकड शिकवताय."

"तेव्हा सेकंड शिफ्ट होती."

प्रणीत हा त्यांचा मुलगा, ईराचा पिता. तो त्या दिवशी कामानिमित्त हैदराबादेस होता, म्हणून वाद वाढला नाही. कस्तुरीबाईंनी बाळ दिले. देताना, हे लोखंड नव्हे, एवढे सुनावण्यास त्या विसरल्या नाहीत.

दामोदररावांनी ओढणी दूर ठेवली. ईराची पाठ आपल्या छातीस टेकवून त्यांनी तिचे तोंड बाहेरच्या बाजूस केले. तिची आई तिला कधीही अशी घेत नसे. रबरी निपल गरम पाण्याच्या वाटीत बुडवून कोमट केले आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली रिक्षा वळत होत्या. एक माणूस स्कूटरवरून केळीचा अख्खा घड नेत होता. ईराचे रडणे हुंदक्यांवर आले. आजोबांनी निपल तिच्या खालच्या ओठास केवळ टेकविले आणि हात स्थिर धरला. घड दिसेनासा होईपर्यंत ईरा पाहत राहिली. आणि पाहता पाहता, जणू ते तोंड दुसऱ्याच कोणाचे असावे अशा बेफिकिरीने, तिने निपल आत ओढून घेतले.

बाटलीत एक बुडबुडा वर चढला. मग दुसरा.

कस्तुरीबाईंनी आवाज फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडाशी धरला.

इतक्यात दामोदररावांना खाली श्वेता दिसली. लांब जाण्याचे कबूल करून ती गेली होती. प्रत्यक्षात ती जिन्यापासून दहा पावलांवर, फुलवाल्या प्रेमाक्काच्या छत्रीआड उभी होती, आणि रडणे का थांबले हे पाहण्यासाठी मान बाहेर काढत होती. मागे सरकावे तर निपल सुटेल. न सरकावे तर आई दिसेल. ते हलले नाहीत.

ईराने आईला पाहिले. चोखणे थांबले. मग ती तोंडभर हसली. हनुवटीवरून दुधाचा ओघळ आजोबांच्या मनगटावर उतरला. आणि आईवरची नजर न काढता तिने निपल पुन्हा तोंडात घेऊन पिणे पुढे चालविले.

खाली श्वेताही हसली. हसता हसता तिने एकदम दोन्ही हात छातीशी घेतले. बाळ वर पीत होते आणि पान्हा खाली फुटला होता. फिकट निळ्या ओढणीवर ओले डाग पसरत चालले होते, आणि रस्ता माणसांनी भरलेला होता.

प्रेमाक्काने वर पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. मोगऱ्याच्या माळांसाठी भरून ठेवलेल्या तांब्यात तिने हात बुडविला, माळांवर पाणी शिंपडले, आणि तोच ओला हात श्वेताच्या ओढणीवर झटकला. इकडे, तिकडे, पार खांद्यापर्यंत. कोणती ओल कशाची, हे आता कोणासही ओळखू येणार नव्हते.

"सरी," म्हणजे ठीक झाले, असे कानडीत म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दामोदररावांनी मर्यादेने मान फिरविली आणि बाटलीवरील खुणा पाहू लागले. दूध शेवटच्या खुणेच्या खाली गेले होते.

येथे हे निवेदन पूर्ण होते. शब्दांत काही अधिक-उणे झाले असल्यास पदरात घ्यावे. आपण येथपर्यंत वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
चंद्रकांत लाड
चामराजपेट, बंगळुरू