आकृतीबाहेरची खूण

अकरा वर्षं माझा डावा खांदा दुखतो आहे. वरच्या फळीवरचं पुस्तकही काढता येत नाही, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून ध्यानातून दुखणं घालवणाऱ्या या बाईंकडे येऊ लागलो.

डोळे मिटून दुखऱ्या जागेकडे लक्ष न्यायचं आणि मग डोळे उघडून कागदावर छापलेल्या माणसाच्या आकृतीत तिथं खूण करायची, अशी त्यांची पद्धत. माझी खूण आधीच्या तिन्ही भेटींत आकृतीच्या बाहेर, खांद्याशेजारच्या कोऱ्या जागेत पडली.

"आजोबा, खांदा शेजारी राहायला गेला की काय?" बाई हसल्या. मीही ओशाळून हसलो. चूक माझीच असणार, नेहमीसारखी.

आज मात्र ठरवूनच बसलो होतो, की लाजून माघार घ्यायची नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो, बाई समोरच्या खुर्चीत. डोळे मिटले. दुखणं तिथंच होतं, माझ्यापासून वीतभर दूर, रिकाम्या हवेत.

"तिथं हात ठेवा," बाई म्हणाल्या.

उजवा हात नेला. तळव्याला एक कोमट, हाडकुळा खांदा लागला. ताठरलेला. मी हात काढला नाही.

"आता सैल सोडा."

तळव्याखालचा खांदा हळूहळू सैलावला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझं दुखणं थांबलं.

मग त्या खांद्यावरची मान माझ्याकडे वळली आणि हनुवटी माझ्या बोटांवर टेकली.