विल्सनचं नाव

"मॅम, ह्या मेंढीच्या हृदयाला भोक होतं!"

"होतं नाही, पडलं. तुझ्या कात्रीनं," बुसिस्वे म्हणाली, आणि अख्खा वर्ग हसला.

जीवशास्त्राचं हे वर्षातलं शेवटचं प्रात्यक्षिक. जेवणानंतर यातल्याच निम्म्या मुलांना ती झुलू, म्हणजे तिची मायबोली, शिकवायची. वर्षाच्या बोलीवर नेमलेल्या बाईकडे दोन्ही विषय आले होते आणि तिनं ते निभावले होते.

दारात मुख्याध्यापक फेअरली दिसले, तशी मुलं ताडकन उभी राहिली. त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. हातमोजे उतरवत ती गेली.

"आज सभेत विल्सनला निरोप द्यायचाय. त्याला अजून पत्ता नाही, गंमत म्हणून. मिसेस झोंडी, तीसएक वर्षं या माणसानं आपली मैदानं राखली आणि आपण त्याला विल्सन म्हणत राहिलो. कुणीतरी सोयीसाठी ठेवलेलं नाव! मला लाज वाटते. आज एकदा तरी त्याचं खरं नाव त्या हॉलमध्ये घुमलं पाहिजे."

"चांगलं होईल, सर."

"सकाळपासून प्रयत्न करतोय मी." त्यांनी नाव घेऊन पाहिलं. मधे जीभ टाळूवर आपटून काढायचा आवाज घशातच अडकला. माशाचा काटा लागल्यासारखे ते खोकले. "बघा! तुम्हीच घ्या."

"सर, ते माझे सासरे आहेत."

"माहीत आहे की! म्हणून तर. घरचंच माणूस."

"आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्या नावासारखा वाटणारा शब्दसुद्धा मी तोंडातून काढत नाही. वर्षभर वर्गात शिकवतानाही वळसा घालून दुसरे शब्द वापरलेत."

"किती सुंदर आहे हे," फेअरली म्हणाले. मनापासूनच म्हणाले. "पण हॉलमध्ये तुम्ही सून नसता ना, शिक्षिका असता."

"आयांडाला सांगू का? बारावीतला आहे, बोलतोही खणखणीत."

"पोरानं म्हाताऱ्या माणसाला नावानं पुकारायचं? ते तुमच्यात चालत नाही. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला!" ते हसले, मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, सोमवारी तुमच्या कायम नेमणुकीचं ठरणार. नियामक मंडळातले सगळे आज पुढच्या रांगेत असतील. शाळेच्या प्रसंगाला तुम्ही उभ्या राहता, एवढं त्यांना दिसू दे."

ती आत आली. मुलं ट्रे धूत होती, गुलाबी पाणी मोरीत जात होतं. या वेळेला रोज तिचा ऊर दुधानं भरून यायचा, तसा आजही आला. तिनं कोपर छातीशी दाबून धरलं. कायम झाली तर आवारातलं घर मिळणार होतं, तिचा तान्हा सिबा कुशीत झोपणार होता. नाही तर डर्बनला जाऊन मिळेल ते काम धरायचं आणि सिबाला सासूपाशी ठेवायचं. आठ महिन्यांच्या बाळाला आई किती दिवस लक्षात राहते, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं.

सासऱ्यांना मैदानावरून उठवून थेट हॉलमध्ये आणलं. अंगात कामाचाच डगला, गुडघ्यांना गवत चिकटलेलं. मंचावर खुर्चीच्या कडेला ते टेकले. शेजारी बुसिस्वे दिसली, तसा त्यांना धीर आला.

"सूनबाई," ते कुजबुजले, "हे काय चाललंय गं? माझं काही चुकलं का?"

"नाही, बाबा."

फेअरलींचं भाषण बरंच चाललं. मैदानं, दुष्काळ, जिंकलेले सामने. मग त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

ती उठली. तिनं खांद्यांवरची शाल सारखी केली. मंडळातल्या एका बाई पुढे झुकून कौतुकानं बघत होत्या. बुसिस्वेनं सासऱ्यांकडे पाठ होईल अशी उभी राहून त्यांचं नाव घेतलं. मधला तो आवाज वाळकी काटकी मोडावी तसा स्वच्छ आला.

हॉल दणाणून गेला. मुलं पाय आपटत शाळेचा जयघोष करू लागली. मागच्या रांगेत आयांडा आणि त्याच्या आसपासची चारपाच मुलं तेवढी मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली होती.

सासरे हलले नाहीत. आपल्याला बोलावलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. शेवटी फेअरलींनी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"विल्सन, उभा राहा."

ते लगेच उभे राहिले.

सभा सुटल्यावर फेअरलींनी तिला दारातच गाठलं. "मंडळ खूश आहे. सोमवारचं आता नावालाच. घर बघून ठेवा, पाळण्याला जागा आहे का ते."

ती मैदानाकडे जवळजवळ पळतच गेली. सासरे पाण्याची नळी गुंडाळत होते. ती त्यांच्यापुढे गवतात गुडघे टेकून बसली.

"बाबा, घर मिळालं. सिबासाठी... मला दुसरा मार्ग नव्हता."

त्यांनी नळी हळूच खाली ठेवली. टोपी काढून छातीशी धरली आणि बाकीच्या मास्तरांपुढे खाली जायची तशी नजर खाली घेतली.

"गवत ओलं आहे, मॅम," ते म्हणाले. "तुमचे कपडे खराब होतील."