टोपाआडची बाई

व्हिडिओ कॉलवर मुलीने अम्यूझमेंट पार्कमधला जुना फोटो दाखवला. रोलर कोस्टरवर पुढे आमची लहानगी मुलं, त्यांच्यामागे टक्कल उघडं पडलेले हे, आणि यांचा उडालेला केसांचा टोप मागच्या बाईच्या तोंडावर गच्च बसलेला. “ती बघ तुझी आजी!” मुलगी नातीला म्हणाली. पलीकडे सगळे पोट धरून हसले. ती बाई मी नव्हे. मी खाली कठड्यापाशी सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत उभी होते. ते फक्त यांना ठाऊक होतं, आणि यांना जाऊन चार वर्षं झाली. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नातीने विचारलं, “आजी, टोपाच्या आत कसं वाटलं गं?” त्या दिवसाबद्दल मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. “गुदगुल्या झाल्या,” मी म्हणाले. “आणि आजोबा टोपालाही तेल लावायचे ना, त्याचा वास आला.”