तंबोऱ्यावर तारा नसलेली गुरू

हातात नारळ आणि शिष्यत्वाचा गंडा घेऊन आलेल्या केतकीला कुमुदताईंनी आत बसवलं. कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावर तारा नव्हत्या.

"तारा कधी काढल्या?" केतकीनं विचारलं.

"गाणं सोडलं तेव्हाच. तुझा जन्मही झाला नसेल." कुमुदताई तिच्यासमोर बसल्या. "सॉफ्टवेअरनं तुला माझ्याकडेच का पाठवलं, ठाऊक आहे ना?"

केतकीनं मान डोलावली. सॉफ्टवेअर चांगला गुरू शोधत नसे. शिष्याचं आयुष्य ज्याच्यासारखं होणार, त्याच्याशीच ते जोडी जुळवून देई. तिच्या मैत्रिणी मैफली गाजवणाऱ्यांकडे गेल्या होत्या.

"ते चुकूही शकतं," केतकी म्हणाली. "एकदा ऐका तरी."

ती यमन गायली. कुमुदताईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"फार गोड गातेस," त्या म्हणाल्या. "मीही अशीच गायचे."

केतकीचा चेहरा उतरला.

"मग तुमच्याकडून मी शिकायचं तरी काय?"

"सोडल्यानंतर दिवस कसे काढायचे, ते. मला ते शिकवायला कुणी नव्हतं."

केतकीनं गंडा त्यांच्या हातात दिला आणि मनगट पुढे केलं.